व्यायाम सुरू करताय? आधी खुर्चीतून खाली बसा: शिकार-कंदमुळांच्या काळातलं शरीर आणि आपला आजचा दिवस

हा लेख अगदी नवख्या माणसासाठी आहे, म्हणजे ज्याने शाळेतल्या पीटीच्या तासानंतर व्यायाम म्हणून काही केलेलं नाही, दिवस सगळा लॅपटॉपसमोर जातो, दुसऱ्या मजल्यावर जायचं असलं तरी हात आपोआप लिफ्टच्या बटणाकडे जातो, आणि आता डॉक्टर म्हणालेत की जरा हालचाल वाढवा पण म्हणजे नक्की काय करायचं ते कळत नाहीये. चार वर्षांपूर्वी मी तिथेच होते. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. आपल्याकडे व्यायाम म्हटलं की एक तास डोळ्यासमोर येतो, सकाळी सहा ते सात जिम नाहीतर पळणं, आणि मग उरलेले पंधरा तास बसलो तरी चालतं असं आपण धरून चालतो. पण शरीर त्या हिशोबाने बनलेलंच नाहीये. माणसाची जात साधारण ३ लाख वर्षं जुनी, शेती येऊन फार तर १०-१२ हजार वर्षं झाली, आणि खुर्ची-लिफ्ट-स्कूटर हे सगळं आपल्या घरांत आलं ते आजी-पणजीच्या हयातीत. म्हणजे हाडं, स्नायू, हृदय हे सगळं घडलं ते दिवसभर थोडं थोडं हलणाऱ्या, चालणाऱ्या, खणणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या आणि मधे मधे निवांत बसणाऱ्या माणसाचं.

हे कशावरून म्हणतो आपण? त्याचा सगळ्यात नीट अभ्यास झालाय तो टांझानियातल्या हाडझा लोकांवर. उत्तर टांझानियात एयासी नावाचा तलाव आहे, त्याच्या आजूबाजूच्या झुडपी रानात हे लोक राहतात, एकूण हजार-बाराशेच्या आसपास, आणि त्यातले काहीशे अजून बरंचसं अन्न रानातून मिळवून जगतात. पुरुष धनुष्यबाण घेऊन शिकारीला जातात, बाओबाबच्या प्रचंड खोडात लाकडी खुंट्या ठोकत ठोकत वर चढून मध काढतात, बायका टोकदार काठ्यांनी कडक जमीन खणून कंदमुळं काढतात आणि पोर पाठीवर बांधून ते सगळं मुक्कामावर आणतात. आता हे लोक म्हणजे काही थांबून राहिलेला भूतकाळ नाही, ती आपल्यासारखीच आजची माणसं आहेत, हे विसरू नका. फक्त त्यांचा दिवस आपल्या पूर्वजांच्या दिवसाच्या जास्त जवळचा आहे म्हणून त्यांच्याकडून शिकायचं.

आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी कळल्या ज्यांनी माझं व्यायामाबद्दलचं मत पार बदललं.

पहिली, ते रोज साधारण सव्वादोन तास दम थोडा वाढेल अशी हालचाल करतात, छातीला हार्ट रेट मॉनिटर बांधून मोजलंय हे, २०१७ साली छापून आलं. पण त्यात जीव तोडून पळणं फार कमी, बहुतेक सगळं भरभर चालणं आणि कामं. आणि वय वाढलं तरी ते फारसं कमी होत नाही, आज्यासुद्धा तासन्‌तास कंद खणतात.

दुसरी गोष्ट ऐकून मला धक्काच बसला होता. ते आपल्याइतकेच आराम करतात! दिवसाला जवळजवळ १० तास बसणं-टेकणं होतं त्यांचं, २०२० मध्ये हा अभ्यास आला, डेव्हिड रायक्लेन या अमेरिकन संशोधकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. म्हणजे "बसणं वाईट" एवढंच म्हणून भागत नाही. फरक हा की ते खुर्चीत बसत नाहीत. उकिडवं बसतात, गुडघ्यावर बसतात, जमिनीवर बसतात, आणि उकिडवं बसताना पायाचे स्नायू थोडे तरी जागे असतात, खुर्चीत ते जवळपास झोपतात.

तिसरी, आणि ही वजन कमी करायला निघालेल्यांनी नीट वाचा. हर्मन पाँट्झर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी २०१२ साली हाडझा लोकांची दिवसभराची ऊर्जा मोजली. त्याची पद्धत भारी आहे, विशिष्ट प्रकारचं पाणी प्यायला द्यायचं आणि मग काही दिवस लघवीचे नमुने घेऊन शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला ते काढायचं, त्यावरून किती कॅलरी जळल्या ते कळतं. निघालं काय, तर पुरुष २६०० आणि बायका १९०० कॅलरीच्या आसपास, म्हणजे शरीराच्या आकारमानाचा हिशोब केला तर शहरात खुर्चीवर बसणाऱ्या माणसाइतक्याच! शरीर जास्त हालचालीला सरावतं आणि दुसरीकडचा खर्च आवरतं असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझं स्पष्ट मत, वजनाचा काटा हे या मार्गदर्शकाचं ध्येय ठेवू नका. वजन हा मुख्यतः ताटातला विषय आहे. हालचाल करायची ती हृदयासाठी, साखरेसाठी, गुडघे-कंबरेसाठी, झोपेसाठी आणि म्हातारपणी स्वतःच्या पायावर उठता यावं म्हणून. महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून सोडून देणारे मी खूप बघितलेत, फार वाईट वाटतं.

सुरू करण्याआधी

बीपी, शुगर, हृदयाचा काही त्रास, गुडघ्याची किंवा मणक्याची जुनी दुखणी, गरोदरपण यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दाब येणं, चक्कर, हात-जबडा भरून येणं असं झालं तर तिथेच थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. आणि शुगरमुळे तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर खाली अनवाणी चालण्याबद्दल जे लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही.

पायरी १: एक आठवडा काहीच बदलू नका, फक्त मोजा

फोन खिशात ठेवा आणि रोज रात्री किती पावलं झाली ते कॅलेंडरवर लिहा, एवढंच. माझी पहिल्या आठवड्याची सरासरी होती २,८००, मला वाटलं होतं पाच-सहा हजार तरी असतील. दहा हजार पावलांचा जो आकडा सगळीकडे ऐकू येतो तो मुळात १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, 'मानपोकेई' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. वयस्कर बायकांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला होता, आणि साडेचार हजारांनासुद्धा चांगला फरक दिसला होता. त्यामुळे तुमचा आकडा काहीही येवो, त्यात दर आठवड्याला ५०० ची भर घालायची, संपलं.

याच आठवड्यात अजून एक चाचणी करा. मोकळ्या जागेत, अनवाणी, कशाचाही आधार न घेता जमिनीवर मांडी घालून बसा आणि परत उठा. बसायचे ५ गुण, उठायचे ५ गुण. हात, गुडघा, कोपर जे काही टेकवाल त्याचा दर वेळी १ गुण वजा, तोल गेला तर अर्धा वजा. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांवर हे करून बघितलं होतं, २०१२ साली आलं ते, आणि ज्यांचे गुण खूप कमी होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. घाबरायला नाही सांगत, आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा एवढंच. पडायची भीती असेल तर कोणाला तरी शेजारी उभं करा. मी तेव्हा ४० वर्षांची होते आणि माझे आले ६.

पायरी २: बसायची पद्धत बदला

इथून सुरू करायचं, चालण्यापासून नाही, पळण्यापासून तर नाहीच. कारण बसणं आपण असंही करणारच आहोत, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, घाम येत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत.

आमची आजी तांदूळ निवडायला बसायची ते मला अजून दिसतं. पाठ भिंतीला नाही, टाचा पूर्ण जमिनीला टेकलेल्या, गुडघे वर काखेपाशी आलेले, सूप मांडीवर नाही तर पायांच्या मधे जमिनीवर, आणि एक हात सुपात फिरतोय. मधेच कुकरची शिट्टी झाली की हात न टेकता सरळ उभी राहायची, गॅस बारीक करून परत तशीच खाली. दिवसातून असं किती वेळा व्हायचं कोण मोजणार! ती कधी व्यायाम करते असं कोणी म्हटलं नाही. आता माझ्या पिढीत ओटा उभ्याचा, जेवण टेबलावर, संडास कमोडचा, कपडे मशीनमध्ये, म्हणजे गुडघा आणि घोटा पूर्ण वाकण्याचा दिवसातला एकही प्रसंग उरला नाही, आणि मग चाळिशीत आपण म्हणतो खाली बसवत नाही.

करायचं काय ते सांगते. पहिले दोन आठवडे दिवसातली निदान दोन कामं जमिनीवर आणा, रात्रीचं जेवण आणि मोबाईल बघणं यापासून सुरुवात सोपी पडते. मांडी घाला, पाय लांब करा, वज्रासनात बसा, कंटाळा आला की बदला, ती बदलाबदल हाच तर फायदा आहे. कंबर गोल होत असेल तर कुल्ल्याखाली घडी केलेली चादर किंवा पाट घ्या.

मग उकिडवं बसणं. सरळ गेलात तर मागे पडाल, म्हणून दाराची चौकट किंवा खिडकीचा पक्का गज दोन्ही हातांनी धरा, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, पावलं किंचित बाहेर वळलेली, आणि हळूहळू खाली जा. टाचा उचलल्या जातायत? जाणारच, बहुतेकांच्या जातात, टाचांखाली जाड टॉवेल गुंडाळून ठेवा. २० सेकंद थांबा, वर या. दिवसातून तीन-चार वेळा. दर आठवड्याला टॉवेलची एक घडी कमी करायची. मला टाचा पूर्ण टेकवायला अडीच महिने लागले, आता चहा उकळेपर्यंत मी ओट्याजवळ अशीच बसते. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर तिथवर जाऊच नका, अर्ध्यावर थांबा किंवा स्टुलावर बसून-उठून करा.

ऑफिसात जमिनीवर बसणं शक्य नाही हे मला माहितीये. तिथे एकच नियम, अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसायचं नाही. फोन आला की उभं राहायचं, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवायची म्हणजे भरायला उठावं लागतं.

पायरी ३: चालणं, पण तुकड्यातुकड्यात

हाडझा पुरुष दिवसाला साधारण ११ किलोमीटर चालतात आणि बायका ६ च्या आसपास, पण ते एका दमात नसतं, पाणवठ्यावर जा, परत ये, कंदाच्या जागी जा, थांब, खण, परत चाल असं. तसंच करायचं. सकाळी उठून तासभर चाललो तरच चालणं हा हट्ट सोडा, कारण एक दिवस उशिरा उठलात की तो दिवस पूर्ण कोरा जातो.

सगळ्यात सोपा तुकडा म्हणजे शतपावली. आपल्याकडे शब्दच तयार आहे त्याला आणि विज्ञानही तेच सांगतं, जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाललं की रक्तातली साखर जेवढी वर जायची तेवढी जात नाही, कारण चालणारे स्नायू ती वापरायला लागतात. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, दहा मिनिटं तरी होऊ द्या. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर मिळून वीस मिनिटं तिथेच झाली. बस एक स्टॉप आधी सोडणं, भाजी मंडईतून चालत आणणं, मुलाला क्लासला सोडल्यावर गाडीत बसून रील्स बघण्याऐवजी फेऱ्या मारणं, हे तुकडे तुमचे तुम्ही शोधा.

जिना हा वेगळा लिहायला हवा. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दोघांचा पगार, घरं, राहणी साधारण सारखी, फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडायला दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढतोय-उतरतोय. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये स्पष्टपणे जास्त निघाला. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध नीट मोजून दाखवणारा हा पहिल्या काही अभ्यासांपैकी एक, आणि त्यातल्या कोणाही कंडक्टरने जिम लावलेली नव्हती, नोकरीच करत होते बिचारे! तर पहिल्या आठवड्यात लिफ्टने खाली येणं बंद करा, दुसऱ्या आठवड्यापासून वर जाताना एक मजला जिन्याने आणि पुढे लिफ्ट, मग दोन मजले. गुडघा दुखत असेल तर उलटं, चढायचं जिन्याने आणि उतरायचं लिफ्टने, कारण उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो.

जमीन कशी आहे तेही महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा तरी खडबडीत जमिनीवर चाला. मी पुण्यात असते म्हणून मला वेताळ टेकडी आहे, तुमच्या गावात टेकडी, शेताचा बांध, समुद्रकिनाऱ्याची वाळू काहीतरी असेलच. गुळगुळीत रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखं पडतं, टेकडीवर प्रत्येक पाऊल वेगळं, घोटा आत-बाहेर वळतो, नजर खाली-वर होते, तोल सांभाळणारे बारीक स्नायू कामाला लागतात.

पायरी ४: ओझं उचला आणि लोंबकळा

इथे बायका सगळ्यात जास्त घाबरतात म्हणून त्यांना आधी सांगते, हाडझा बायका पोर आणि कंदांची झोळी दोन्ही घेऊन मैलोन्‌मैल चालतात, आणि आपल्याकडेही विहिरीचं पाणी शेंदून डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन चालणाऱ्या बायकाच होत्या, अजूनही बऱ्याच गावांत आहेत. ते कष्ट परत यावेत असं कोणीही म्हणणार नाही, नळ घरात आला हे चांगलंच झालं. पण हाडांना आणि स्नायूंना भार लागतो ही गोष्ट नळाने बदलली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीसोबत निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला सांगितलंय, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

घरच्या घरी असं करा. दोन सारख्या कापडी पिशव्या घ्या, प्रत्येकीत ३ किलो तांदूळ किंवा पाण्याच्या बाटल्या. खाली ठेवा. उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, कुल्ले मागे ढकलून गुडघे वाकवायचे, पिशव्या पायाच्या अगदी जवळ, छाती समोर, आणि जमीन पायाने खाली ढकलतोय असं समजून उभं राहायचं. मग दोन्ही हातात घेऊन पॅसेजमधून ३० सेकंद चाला, खांदे कानाकडे जाऊ द्यायचे नाहीत. ठेवा, श्वास घ्या, परत. चार-पाच फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. पुढच्या आठवड्यात एकाच हातात पिशवी घेऊन बघा, दुसऱ्या बाजूची कंबर कशी कामाला लागते ते लगेच जाणवेल. दोन-तीन आठवड्यांनी अर्धा-एक किलो वाढवायचं.

ढकलण्यासाठी भिंतीवरचे जोर, नंतर ओट्यावर हात ठेवून, नंतर जमिनीवर. ओढण्यासाठी मात्र घरात सोय नसते, म्हणून सोसायटीच्या किंवा बागेतल्या पोरांच्या दांड्याला लटका. नुसतं लटकायचं, पाय जमिनीला टेकलेले ठेवले तरी चालतील, १० सेकंद. मला पहिल्यांदा ४ सेकंदांच्या वर जमलं नव्हतं. खांदा निखळण्याचा किंवा आखडण्याचा त्रास असेल तर हे सोडून द्या.

पायरी ५: कधीतरी धाप लागू द्या

पहिले सहा-आठ आठवडे ही पायरी नकोच. मनापासून सांगते, घाई करू नका.

माणूस पळण्यासाठी घडलाय की नाही यावर खूप लिहिलं गेलंय. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलं की लांब पल्ल्याचं पळणं हे माणसाच्या घडणीतच आहे. टाचेमागची ती जाड स्प्रिंगसारखी शीर, पळताना डोकं स्थिर धरणारा मानेमागचा पट्टा, चिंपांझीपेक्षा कितीतरी मोठे कुल्ल्यांचे स्नायू, आणि वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी. भर उन्हात हरीण धापा टाकत थांबतं, माणूस घाम गाळत चालू राहतो. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात असं प्राण्याला दमवून पकडणारे शिकारी अगदी अलीकडेपर्यंत होते. पण हे वाचून उद्या सकाळी पाच किलोमीटर पळायला जाऊ नका. ते शिकारी लहानपणापासून चालत-पळत आलेले असतात, तुमची शीर वीस वर्षं खुर्चीखाली आरामात होती.

माझ्या बाबतीत हेच झालं. अनवाणी पळणं नैसर्गिक असं कुठेतरी वाचलं, बूट काढले आणि पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी बेडवरून पाय खाली टेकवला तर पोटरीत अशी कळ की भिंत धरून बाथरूमला गेले, आणि मग सहा आठवडे नीट चालताही आलं नाही. बुटांशिवाय बऱ्याचदा टाच आधी न पडता पायाचा पुढचा भाग आधी पडतो आणि सगळा भार पोटरी आणि त्या शिरेवर येतो, तिला सवय व्हायला महिने लागतात. अनवाणी व्हायचंच असेल तर घरात चपला काढण्यापासून सुरू करा, मग सकाळी गवतावर किंवा मातीवर पाच मिनिटं चालणं, बास. पळायचं ते बूट घालूनच.

मग धाप कशी लावायची? चढावर भरभर चालून. टेकडीचा किंवा फ्लायओव्हरच्या कडेचा चढ, नाहीतर जिना, २० सेकंद जोरात, मग बोलता येईल इतका श्वास खाली येईपर्यंत सावकाश, परत २० सेकंद. चार वेळा पुरे. चढावर पाय आपटत नाही, गुडघा वाचतो आणि हृदयाला काम मिळतं. आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त दोनदा. बाकी सगळं चालणं गप्पा मारता येतील अशाच वेगाने.

पायरी ६: जड दिवस, हलका दिवस

रानातला माणूस रोज शिकारीला जात नाही. काल लांब गेला असेल तर आज मुक्कामावर बाण दुरुस्त करत, गप्पा मारत बसतो. माझा आठवडा साधारण असा जातो: सोमवारी आणि गुरुवारी पिशव्या आणि जोर, मधल्या दिवशी नुसतं तुकड्यातुकड्यातलं चालणं, शनिवारी टेकडी आणि त्यात दोन-चार चढ जोरात, रविवारी घरकाम आणि जमिनीवर लोळणं. मंगळवारी अंग दुखत असेल तर मंगळवार हलकाच राहतो. सर्दी-ताप असेल तर सगळं बंद. पाळीच्या दिवसांत मला चालणं बरं वाटतं, कोणाला नाही वाटत, ज्याचं त्याने बघावं. झोप मोडून व्यायाम करू नका, पाचला उठायचं असेल तर दहाला झोपायला हवं, ते जमत नसेल तर संध्याकाळी करा.

पायरी ७: एकटं करू नका

हाडझा बायका कंद खणायला जातात त्या घोळक्याने, पोरं-म्हाताऱ्या सगळे, आणि सगळा वेळ बोलणं चालू. आपल्याला हे समजायला टांझानियात जायची गरज नाही, वारी डोळ्यासमोर आणा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, जवळपास तीन आठवडे, त्यात पुण्यातून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण, आणि सत्तरीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन ते चालतात. आमच्या सोसायटीतल्या एक काकू घरी असताना किराणा आणायलासुद्धा रिक्षा करतात पण दर आषाढीला दिंडीत असतात. मी त्यांना विचारलं होतं पाय दुखत नाहीत का हो, तर म्हणाल्या, "अगं दुखतात की, पण सगळी चालतायत तर आपण कशी बसणार?" भजनाचा ठेका, पुढच्या माणसाची पाठ, मुक्कामाला मिळणारा चहा, यातलं काही ट्रेडमिलवर नसतं.

म्हणून एक माणूस शोधा. नवरा, बायको, शेजारीण, ऑफिसातला कोणी. रात्रीच्या शतपावलीची वेळ ठरवा आणि गेटपाशी भेटायचं. मी आणि माझी शेजारीण साडेनऊला भेटतो, तिचा मेसेज येतो "उतरतेय", मग मला सोफा सोडावाच लागतो. सासूबाई, आईबाबा घरात असतील तर त्यांनाही घ्या, त्यांच्या वेगाने चाला.

पावसाळ्यात काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पार्किंगमध्ये फेऱ्या, जिना, घरातल्या घरात पिशव्या, आणि पाऊस उघडला की लगेच बाहेर. शेवाळलेल्या फरशीवर आणि निसरड्या टेकडीवर मात्र जाऊ नका, एक पडणं सहा महिने मागे नेतं.

आणि तीन महिन्यांनी ती जमिनीवरून उठायची चाचणी परत करा, त्याच जागी, अनवाणी, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. माझा तेव्हा ६ वरून ८ झाला होता. मागच्या दिवाळीत ९ झाला, उठताना उजवा हात अजून एकदा मांडीवर जातो.